निंबाखाली सांगायची गोष्ट

माघ वद्य एकादशीला मुक्ताईच्या दारी असायचं, म्हणून आमची दिंडी अष्टमीला पहाटे गावातून निघते. गाव यावल तालुक्यातलं. पहिला मुक्काम भुसावळला, दुसरा वरणगावला आणि दशमीला मुक्ताईनगर. सगळं मिळून ५० किलोमीटरच्या आसपास. आषाढीला मुक्ताईची पालखी इथूनच पंढरपूरला जाते, ती महिनाभराची वाट. त्या मानाने ही घरची वारी. शेतीची कामं मागेपुढे करून म्हातारी माणसं, लेकरंबाळं सगळी चालतात. मी आठव्या वर्षी आजीचं बोट धरून पहिल्यांदा चालले. यंदा माझ्यासोबत भाची होती, भावाची मुलगी. तेरा वर्षांची, पुण्यात वाढलेली.

आजी घरात गोष्टी सांगत नसे. चुलीपाशी कितीही हट्ट केला तरी म्हणायची, "जठली गोष्ट तठीच सांगाव, बापा." प्रत्येक गोष्टीला तिने वाटेवरची जागा नेमून दिली होती. भुसावळजवळ तापीचा पूल लागला की मुक्ताईची गोष्ट. १२९७ साली, ज्ञानेश्वर आणि सोपानदेव समाधिस्थ झाल्यावर, याच तापीच्या काठी वीज कडाडली आणि मुक्ताई त्या लोळात दिसेनाशी झाली. हे सांगताना आजी हात वर करून आभाळाकडे दाखवायची. आम्ही सगळी मुलं वर बघायचो. माघातलं स्वच्छ आभाळ, वीज कुठून असणार? पण बघायचो.

भाचीने पुलावर विचारलं, "आत्या, खरंच अशी गेली ती?" मी वाद घातला नाही, पटवूनही दिलं नाही. आजीसारखा हात वर केला. ती वर बघत राहिली. मागून टाळकऱ्यांचा रेटा आला तेव्हा चालू लागली.

चांगदेवांची गोष्ट वरणगावच्या मुक्कामाची. कोरं पत्र आलं, मुक्ताई म्हणाली की एवढी वर्षं जगून हा कोराच राहिला, आणि ज्ञानेश्वरांनी त्याला ६५ ओव्यांचं उत्तर लिहिलं. कळण्याची भाकरी, ठेचा, वर तेलाची धार, अशी पंगत उठली की ही गोष्ट. एवढा मोठा योगी त्या लहान मुलीचा शिष्य झाला, या वाक्यावर आजी दर वर्षी थांबायची. का थांबायची ते दुसऱ्या दिवशी कळायचं.

कारण दशमीला वरणगाव सोडलं की दोनेक तासांनी, उजव्या हाताला, एक निंब होता. त्या निंबाखाली आमच्या घरची गोष्ट सांगायची.

माझे पणजोबा दिंडीचे विणेकरी. स्वातंत्र्याच्या आधीची गोष्ट. दिंडी त्या निंबाखाली टेकलेली असताना गावाहून सायकलवर माणूस आला. रात्री गोठा पेटला होता, बैल होरपळले होते. पणजोबांना निघणं भाग होतं. पण वीणा खाली ठेवत नाहीत, ती हातातून हातात जाते, आणि त्या घटकेला पुढे कोणी येईना. दुसरा विणेकरी तापाने फणफणलेला. बाकीचे एकमेकांकडे बघत उभे. तेव्हा माझी पणजी उठली, नवऱ्याच्या पाया पडली आणि दोन्ही हात पुढे केले. म्हातारे पुरुष कुजबुजले. बाईमाणसाच्या गळ्यात वीणा कशी द्यायची? तो आजारी विणेकरी अंथरलेल्या घोंगडीवरून म्हणाला, "आपून कोनाच्या दारी चाल्लो? मुक्ताईच्याच ना?"

पणजी वीणा घेऊन मुक्ताईनगरपर्यंत चालली. तेव्हा त्या गावाला एदलाबाद म्हणत. पणजोबा त्याच सायकलच्या कॅरिअरवर बसून परत गेले. एक बैल वाचला.

यंदा तो निंब सापडेना. महामार्ग चौपदरी झाला. आम्ही ज्याला सहा नंबर म्हणायचो त्याचा आता ५३ नंबर आहे, आणि रुंदीकरणात दोन्ही बाजूंची जुनी झाडं गेली. गेली काही वर्षं गुडघ्यांमुळे मी वारीला आले नव्हते, त्यामुळे मला हे डोळ्यांनी दिसलं ते आत्ताच. मी तीनदा थांबले, मागे वळले. दिंडी पुढे निघून गेली. शेवटी केळीला पाणी देणाऱ्या एका म्हाताऱ्या बाबांना विचारलं. ते बांधावर आले आणि दुभाजकाकडे बोट केलं. "तो काय, त्या कन्हेरीच्या जागी."

दुभाजकात गुलाबी कण्हेर लावलेली होती. तिच्या पानांवर ट्रकांची काजळी बसली होती. मला भरून आलं. झाड गेल्याचं दुःख होतंच, पण त्याहून जास्त भीती वाटली की आता ही गोष्ट कुठे सांगायची? माझ्या भावाला ती कधी सांगितलीच गेली नव्हती. शाळेच्या परीक्षांमुळे तो वारीला येत नसे आणि आजी घरी सांगत नसे. आसोद्याच्या बहिणाबाईंची गाणी घरच्यांनी कागदावर उतरवली म्हणून उरली, हे आम्ही शाळेत शिकलो. तरी आजी जिवंत असताना मी एक वही घेतली नाही.

मग तिथेच, कठड्याला टेकून, मी सांगायला लागले. ट्रक आला की शब्द वाहून जायचे. भाची हात वर करून मला थांबवायची, ट्रक गेला की "हं, पाया पडली, पुढे?" अशी तुकड्या-तुकड्यांनी गोष्ट झाली. ती हसली नाही, फोन काढला नाही. थोडा वेळ कण्हेरीकडे बघत होती, मग म्हणाली, "वीणा कशी धरली होती पणजीने? कोणत्या खांद्यावर?"

मला माहीत नव्हतं. पन्नास वर्षं मी ही गोष्ट बाळगली आणि हे कधी विचारलं नाही. पणजीला पाहिलेली आजी होती, आता तीही नाही.

भाची पुढे पळत सुटली. दिंडी गाठून तिने विणेकरी बाबांनाच विचारलं. मी धापा टाकत पोचले तोवर ते तिला दाखवत होते. पट्टा गळ्यात, दांडी डाव्या खांद्याला, उजव्या हाताच्या बोटाने तार. "आपल्याकडं अशीच धरतात माउली. तुझ्या पणजीनंही अशीच धरली असंल." ती त्यांच्या पाया पडली. त्यांनी वीणा तिच्या गळ्यात घातली आणि तिच्याही पाया पडले. तशी रीतच आहे, पण ती दचकून दोन पावलं मागे सरली. मग सावरून उभी राहिली. पुढच्या अभंगाला ती पहिल्या चार ओळी तार छेडायलाच विसरली.

महाशिवरात्रीला आम्ही चांगदेव गावी गेलो. तापी-पूर्णेच्या संगमावर पाण्यात पाय सोडून ती पुण्याला वडिलांशी फोनवर बोलत होती. मी शेजारी शिदोरी सोडत होते.

"बाबा, ऐका ना. गोठा पेटला होता. पणजीने वीणा घेतली, डाव्या खांद्यावर. नाही, सगळं फोनवर नाही सांगता येणार. पुढच्या वर्षी तुम्ही या. ती जागा मला माहितीये."