रात्रीच्या क्रॉन जॉब्सना वेसण

आमचा सर्व्हर एकच, चार कोअर आणि सोळा जीबी रॅमचा. त्याच्यावरच वेबसाइट, त्याच्यावरच पोस्टग्रेस हा डेटाबेस आणि मध्यरात्रीनंतर बॅकअप, फोटोंची छोटी रूपं बनवणं, रिपोर्ट वगैरे क्रॉनची, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप कामं (जॉब) चालवणाऱ्या प्रोग्रामची, सगळी वरात. अडीचच्या सुमारास साइट अक्षरशः रांगायची. एका रात्री तर कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, मेमरी संपली म्हणून थेट पोस्टग्रेसच मारलं. रॅम खाल्ली होती फोटोंच्या जॉबने आणि बळी गेला भलत्याचाच.

नाइस (कामाचा अग्रक्रम कमी करणारी कमांड) आणि यूलिमिट (मेमरी वगैरेंवर मर्यादा घालणारी) आधीपासून लावलेले होते. नाइसचा संबंध फक्त सीपीयूशी, रॅम किती खाल्ली याच्याशी त्याला देणंघेणं नाही. यूलिमिटची मर्यादा प्रत्येक प्रोसेसला, म्हणजे चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रामला, वेगळी लागते. आमचा फोटोंचा जॉब एक्सआर्ग्ज ही कमांड वापरून एकाच वेळी आठ प्रोसेस सोडायचा, आणि आठही जणी आपापल्या मर्यादेत असायच्या! पंगतीत माणशी दोनच जिलब्या असा नियम केला आणि घरटी दहा माणसं जेवायला आली, तर हलवायाचा हिशेब कोलमडणारच. मला मर्यादा घरावर, म्हणजे अख्ख्या जॉबवर, हवी होती.

ती सोय लिनक्समध्ये सीग्रुपच्या, म्हणजे मिळून एक मर्यादा लागणाऱ्या प्रोसेसच्या गटाच्या, रूपाने केव्हाची आहे. गूगलमधल्या इंजिनिअरांनी २००६ मध्ये हे काम सुरू केलं आणि २००८ च्या जानेवारीत २.६.२४ या कर्नलमधून ते सगळ्यांना मिळालं. पहिल्या आवृत्तीत मेमरीची उतरंड वेगळी, सीपीयूची वेगळी, असा पसारा होता. २०१६ मध्ये ४.५ कर्नलबरोबर दुसरी आवृत्ती अधिकृत झाली आणि सगळं एकाच झाडाखाली आलं. आमच्या उबुंटू २२.०४ वर दुसरीच आवृत्ती चालू असते, त्यामुळे वेगळं काही बसवावं लागलं नाही.

सगळ्यात आधी क्रॉनमध्ये एक ओळ टाकून, प्रोसेस कुठल्या सीग्रुपमध्ये आहे ते सांगणारी प्रॉक सेल्फ सीग्रुप ही फाइल लॉगमध्ये उतरवली. उत्तर आलं: सिस्टम स्लाइस, त्याखाली क्रॉन सर्व्हिस. (सर्व्हिस म्हणजे मागे चालणारं काम, स्लाइस म्हणजे अशा सर्व्हिसचा गट.) म्हणजे सगळे जॉब क्रॉनच्याच खोलीत. मग क्रॉन सर्व्हिसलाच मेमरीमॅक्स, म्हणजे मेमरीची कमाल मर्यादा, लावून मोकळं व्हावं, असा मोह होतो. पण सर्व्हिसच्या फाइलीत वेगळं काही लिहिलेलं नसेल, तर मेमरीपायी आतली एक प्रोसेस मारली गेली की सिस्टमडी (सर्व्हिस सुरू-बंद करणारा प्रोग्राम) ती सर्व्हिसच थांबवतो. फोटोंच्या जॉबपायी बॅकअपही बंद, हे कोणाला परवडणार?

म्हणून जड जॉब क्रॉनमधून काढून प्रत्येकाची सर्व्हिस आणि ती ठरल्या वेळी सुरू करणारा टायमर केला, आणि त्या सगळ्या सर्व्हिस ‘रात्र’ नावाच्या एका स्लाइसमध्ये टाकल्या. स्लाइसची फाइल इनमिन चार-पाच ओळींची: सीपीयूवेट (सीपीयूच्या वाटपातलं वजन) २०, मेमरीहाय (मॅक्सच्या अलीकडची सौम्य मर्यादा) ३ जीबी, मेमरीमॅक्स ४ जीबी, मेमरीस्वॅपमॅक्स शून्य. स्वॅपची, म्हणजे रॅम कमी पडली की डिस्कवर वापरायच्या जागेची, मर्यादा वेगळी असते, हे लक्षात ठेवा. ती लावली नाही तर रॅमला लगाम बसतो आणि डिस्क दळत बसते.

सीपीयूकोटा, म्हणजे सीपीयूची ठाम मर्यादा, मी जाणूनबुजून टाळला. कोटा ५० टक्के दिला की मशीन रिकामं पडलेलं असलं तरी जॉबला अर्धाच कोअर मिळतो. वेटचं तसं नाही. गर्दी झाली तरच तो लागू होतो. रात्र स्लाइसचं वजन २०, सिस्टम स्लाइसचं मुळातलं १००, म्हणजे दोघांची ओढाताण झाली तर जॉब्सच्या वाट्याला सहावा हिस्सा. ओढाताण नसेल तर घ्या की सगळं.

फोटोंचा जॉब मेमरीहायला टेकला की मारला जात नाही, मंदावतो. मेमरी इव्हेंट्स फाइलीत ‘हाय’चा आकडा भराभर चढत होता आणि ‘ओओएम किल’ (मेमरीपायी मारलेल्या प्रोसेसचा आकडा) शून्यावर होता. एक्सआर्ग्जच्या आठ प्रोसेसच्या तीन केल्या आणि जॉब उलट लवकर संपायला लागला. बॅकअपच्या वेळी मात्र सिस्टमडी-सीजीटॉपमध्ये (कुठला सीग्रुप किती वापरतोय ते दाखवणाऱ्या कमांडमध्ये) मेमरी सतत तीन जीबीला चिकटलेली दिसते. त्याने घाबरू नका. वाचलेल्या फाइलींची कॅशही (रॅममध्ये ठेवलेली प्रतही) त्याच खात्यात धरली जाते आणि गरज पडली की कर्नल ती सोडवून घेतो.

खरी गंमत रिपोर्टच्या जॉबने केली. तो रात्र स्लाइसमध्ये होता, तरी साइट रांगतच होती. सीजीटॉप उघडलं तर रात्र स्लाइस जवळजवळ निवांत आणि सगळा सीपीयू पोस्टग्रेसच्या सर्व्हिसमध्ये! बरोबरच आहे. स्क्रिप्ट फक्त क्वेरी पाठवून वाट बघत बसते, राबतो पोस्टग्रेसचा बॅकएंड (क्वेरी चालवणारी त्याची प्रोसेस), आणि तो आपल्या सर्व्हिसच्या सीग्रुपमध्ये असतो. मर्यादा काम सांगणाऱ्याला लागली होती, करणाऱ्याला नाही. डॉकरच्या कंटेनरमध्ये (प्रोग्रामसाठीच्या वेगळ्या कप्प्यात) बाहेरून एक्झेक कमांडने चालवलेल्या कामाचीही हीच गत, ते कंटेनरच्या सीग्रुपमध्ये चालतं. शेवटी रिपोर्टसाठी डेटाबेसमध्ये वेगळा रोल (वापरकर्ता) केला, त्याचं वर्कमेम (क्वेरीला कामापुरती मिळणारी मेमरी) आवळलं, एका क्वेरीला समांतर वर्कर मिळणार नाहीत अशी सोय केली आणि वर स्टेटमेंट टाइमआउट (क्वेरीला वेळेची मर्यादा) ठेवला. हे सीग्रुपचं काम नव्हेच.

डिस्कसाठी आयओवेटही (डिस्कच्या वाटपातलं वजन) लावून पाहिला, काडीचा फरक पडला नाही. डिस्कचा शेड्युलर (वाचण्या-लिहिण्याच्या मागण्यांचा क्रम लावणारा) एमक्यू-डेडलाइन होता. वजन मानायला बीएफक्यू हा शेड्युलर तरी लागतो, नाहीतर कर्नलची आयओकॉस्ट सोय चालू असावी लागते. शेड्युलर बदलण्याऐवजी मी बॅकअपला सेकंदाला किती एमबी वाचायचे याची सरळ मर्यादा घातली. ती कुठल्याही शेड्युलरवर चालते.

टायमरवर आल्यावर क्रॉनच्या मेल बंद झाल्या आणि दुसऱ्याच सकाळी हिशेब बघणाऱ्या काकांचा फोन आला, “अहो, मेल नाही आली, बॅकअप झाला ना?” झाला होता, पण नोंद जर्नलमध्ये, म्हणजे सिस्टमडीच्या लॉगमध्ये. आता प्रत्येक सर्व्हिसला ऑनफेल्युअर लावून बिघडलं तरच मेल जाईल असं केलंय. काकांना ते पटलेलं नाही. त्यांना रोजची मेल हवीच आहे, तेव्हा बॅकअपच्या स्क्रिप्टच्या शेवटी ती एक ओळ घातली.