फ्लॉप्या कपाटात, कपाट डेडस्टॉकमध्ये : सांगलीतला माझा अनुभव

सगळ्यात आधी हे सांगते. जुन्या फ्लॉप्या म्हणजे जुन्या संगणकाच्या चपट्या डिस्का, त्यांवरचे जुने गेम वाचवायला शाळेत, कॉलेजात, कुठंही अर्ज द्याल तेव्हा त्याची दुसरी प्रत जवळ ठेवा आणि तिच्यावर शिक्का, तारीख आणि आवक नंबर पडल्याशिवाय टेबलापासून हलू नका. माझा अख्खा उन्हाळा ज्या खोळंब्यात गेला त्यातून सुटायला तो शिक्काच उपयोगी पडला. बाकीची तांत्रिक माहिती कुठंही मिळेल, ही मिळणार नाही.

आमची शाळा सांगलीत, नदीच्या बाजूला. १९८४ साली केंद्र सरकारनं 'क्लास' नावाचा प्रकल्प सुरू केला आणि देशातल्या निवडक शाळांना बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश संगणक दिले. आमच्या शाळेत ते आले तेव्हा मी माध्यमिकला होते. ३२ केबी मेमरी, काळा कीबोर्ड, वर लाल फंक्शन कीज. तासाला बेसिक ही प्रोग्राम लिहायची भाषा शिकवायचे आणि तास संपला की सर आम्हाला गेम लिहायला सांगायचे. सापशिडी, पाढ्यांची शर्यत, कृष्णेतून होडी पलीकडं न्यायची, असले गेम मुलांनी लिहिले. या संगणकात व्हीडीयू २३ या आज्ञेनं आठ बाय आठ ठिपक्यांत आपल्याला हवं ते अक्षर काढता येतं. एका वरच्या वर्गातल्या मुलानं त्या ठिपक्यांत मराठी आकडे बसवले होते आणि पाढे पडद्यावर मराठीत दिसायचे. तेव्हा सांगलीत किती जणांनी पडद्यावर मराठी पाहिलं असेल?

याच मशीनवर १९८४ साली 'एलिट' हा प्रसिद्ध गेम आला. डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल या दोन विद्यार्थ्यांनी तो लिहिला. त्याची काळजी करायला जगभर माणसं बसली आहेत, तो कधी हरवणार नाही. पण बाकीच्या व्यापारी गेमची अवस्था तशी वाईटच आहे. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या जुने गेम जपणाऱ्या संस्थेनं २०२३ मध्ये दाखवून दिलं की अमेरिकेत निघालेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात कुठल्याच रूपात मिळत नाहीत. पण त्यांच्या निदान प्रती कुणा ना कुणाकडं असतात. आमच्या सापशिडीची एकच प्रत होती, आणि ती संगणक खोलीतल्या लोखंडी कपाटात.

ते कपाट निर्लेखनात, म्हणजे निकामी ठरवून नोंदीतून काढायला, निघालं आहे, बंद मशीन, मॉनिटर, टेबलं सगळं लिलावात किलोवर जाणार, असं माझ्या वर्गमैत्रिणीकडून कळलं. ती तिथंच शिकवते. मी दुसऱ्या दिवशी शाळेत.

शाळेच्या कार्यालयातल्या भाऊसाहेबांनी रजिस्टर काढून दाखवलं. मशीनना डेडस्टॉक, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदीतले, नंबर होते, कपाटालाही होता. फ्लॉप्यांना नव्हता.

"फ्लॉपी कन्झ्युमेबल, मॅडम. आली तशी खर्ची पडली. रजिस्टरला शिल्लक शून्य."

"मग तुमच्या हिशेबी त्या नाहीतच. मी नेऊ का?"

"नेता कशा येतील? कपाटात हायत न्हवं. कपाटाची यादी झाली, सही झाली, कुलूप लागलं. आता संस्थेच्या लेखी परवानगीशिवाय उघडता येत नाही."

मी पतसंस्थेत हिशेबाचं काम करते. डेडस्टॉक, घसारा म्हणजे वापरानं घटलेली किंमत, निर्लेखन हे शब्द माझ्या रोजच्या वापरातले आहेत, त्यामुळं ते काय म्हणतायत ते मला कळत होतं आणि म्हणूनच जास्त राग येत होता. नियम भाऊसाहेबांनी केलेला नाही, ते माझ्याशी चांगलंच वागले. पण जी वस्तू कागदावर नाही तिच्यासाठी परवानगी मागायची कशी, हे कुणीच सांगेना.

शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या कार्यालयात गेले. तिथं छापील अर्ज दिला. वस्तूचे नाव, डेडस्टॉक क्रमांक, खरेदी दिनांक, मूळ किंमत, घसारा, आजची अंदाजे किंमत. फ्लॉप्यांसाठी यातला पहिला रकाना सोडला तर एकही भरता येत नव्हता. 'निरंक' लिहून दिला तर अर्ज परत आला, अपूर्ण म्हणून. मुख्याध्यापकांचं शिफारसपत्र जोडा म्हणाले. मुख्याध्यापक म्हणाले, संस्थेकडून विचारणा आल्याशिवाय मी शिफारस कशी करू? संस्था म्हणाली, शिफारस आल्याशिवाय विचारणा कशी करू? या दोन टेबलांच्या मधे मी एप्रिल आणि मे काढला.

त्यात एकदा माझा अर्जच सापडेना. "आला नाही आमच्याकडं," असं सांगितलं. मी शिक्क्याची पोच पुढं केली. आवक नंबर बघून फाइल निघाली, दुसऱ्याच विषयाच्या गठ्ठ्यात. पोच नसती तर मला पहिल्यापासून सुरुवात करावी लागली असती आणि तोवर कपाट भंगारात गेलं असतं.

लोक म्हणतील, एवढी घाई कशाला? घाई अशी की आमच्या गावात पावसाळा येतो. २००५ चा पूर, २०१९ चा पूर, २०२१ चा पूर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये त्या खोलीत पाणी शिरलं होतं, कपाटाचा खालचा कप्पा भिजला होता, हे मला मैत्रिणीनं सांगितलं होतं. फ्लॉपीवर बुरशी धरली की ती चुंबकीय थर खाते. जूनची दमट हवा लागली की बुरशी पुन्हा वाढते. एकेक आठवडा म्हणजे एकेक डिस्क, असं मला रात्री झोपताना वाटायचं. "बघू पुढच्या बैठकीत" हे वाक्य ऐकलं की हात थरथरायचे.

एका पदाधिकाऱ्यांनी तर विचारलं, इतक्या वर्षांनी त्यात काय राहिलं असणार? मी त्यांना जॉर्डन मेक्नरचं उदाहरण दिलं. 'प्रिन्स ऑफ पर्शिया' हा गेम ज्यांनी लिहिला ते. त्यांच्या मूळ प्रोग्रामच्या फ्लॉप्या वीसेक वर्षं हरवल्या होत्या, २०१२ मध्ये वडिलांना कपाटात सापडल्या आणि जाणकारांनी त्या वाचून काढल्या. त्या गृहस्थांना प्रिन्स माहीत होता. त्यांच्या मुलानं खेळलेला. त्यानंतर ते जरा नीट ऐकायला लागले.

वाट सुटली ती माझ्या रोजच्या कामातून. पतसंस्थेचं दप्तर कधी बाहेर जात नाही. लेखापरीक्षक येतो, तिथंच बसतो, हव्या त्या नकला तिथंच घेतो. मग फ्लॉप्या बाहेर न्यायची परवानगी मागायचीच कशाला? मी नवा अर्ज साध्या कागदावर लिहिला. त्यात काहीच मागितलं नाही. लिहिलं एवढंच, की शाळेनं आपल्या ताब्यातल्या प्रोग्रामच्या सुरक्षित प्रती स्वतःसाठी काढाव्यात. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२(१)(कक) मध्ये, इंग्रजी प्रतीत तो डबल-ए आहे, संगणक प्रोग्रामची प्रत ज्याच्याकडं कायदेशीरपणे आहे त्याला ती नष्ट होण्यापासून वाचवण्यासाठी बॅकअप घेता येतो. उपकरण मी आणीन, काम संगणक खोलीतच होईल, शाळेचे शिक्षक समोर बसतील, एकही वस्तू आवाराबाहेर जाणार नाही, खर्च माझा. यात वस्तू हलत नाही, म्हणून रकाने नाहीत. घसारा नाही.

तुम्ही कुठं अडकला असाल तर हाच मजकूर वापरा. 'द्या' असा शब्द अर्जात येऊ देऊ नका.

तरीही सही लांबली. अध्यक्ष परगावी होते, मग विषयपत्रिका छापून झाली होती म्हणून विषय पुढच्या बैठकीवर गेला. शेवटी पोचेच्या दोन्ही प्रती घेऊन मी बैठकीच्या दिवशी सकाळपासून बाहेरच्या बाकावर बसून राहिले. ऐनवेळच्या विषयांत तो घेतला गेला आणि दोन मिनिटांत मंजूर झाला. कुणी एक प्रश्नही विचारला नाही. आनंद झाला हे खरं, पण एवढ्या दोन मिनिटांसाठी इतके दिवस, याची चीड अजून गेलेली नाही.

कुलूप उघडल्यावरचं काम त्या मानानं सरळ होतं. ग्रीसवीझल नावाचं छोटं सर्किट मिळतं, कीर फ्रेझर यांनी बनवलेलं, रचना सगळ्यांना खुली. ते डिस्कवरचे चुंबकीय बदल जसेच्या तसे यूएसबीतून संगणकात उतरवतं. बीबीसी मायक्रोच्या डिस्का एफएम म्हणजे सिंगल डेन्सिटी या जुन्या, कमी माहिती मावणाऱ्या पद्धतीच्या असतात आणि बऱ्याच पीसींचा फ्लॉपी कंट्रोलर त्या वाचतच नाही, म्हणून हे उपकरण लागतंच. सव्वापाच इंची ड्राइव्ह मला मिरजेत भंगारात मिळाला. त्याला ५ आणि १२ व्होल्ट दोन्ही लागतात, जुन्या पीसीचा एसएमपीएस म्हणजे पॉवर सप्लाय पुरतो. डिस्कवर माहिती गोल पट्ट्यांत म्हणजे ट्रॅकमध्ये असते. डिस्क ४० ट्रॅकची आणि ड्राइव्ह ८० ट्रॅकचा असेल तर एक सोडून एक ट्रॅक वाचायला सांगावं लागतं.

मशीन मात्र लगेच चालू करू नका! बीबीसी मायक्रोच्या पॉवर सप्लायमधले जुने फिल्टर कपॅसिटर तडकलेले असतात, वीज लागली की फुटून खोलीभर धूर होतो. आधी बदलून घ्या. प्रती काढायला मशीन लागतही नाही.

बुरशीच्या डिस्का तशाच ड्राइव्हमध्ये घातल्या तर डिस्क वाचणारं हेड खराब होतं आणि पुढची प्रत्येक डिस्क ते खरवडतं. बाहेरच्या काळ्या पाकिटाची कड कापून आतली चकती अलगद काढायची, आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाला लावून हलक्या हातानं पुसायची, वाळवायची आणि चांगल्या पाकिटात घालून वाचायची. पुराचा गाळ बसला असेल तर आधी डिस्टिल्ड पाण्यात. प्रत्येक डिस्कनंतर हेड पुसायचं, कंटाळा करायचा नाही. खालच्या कप्प्यातल्या काही डिस्का गेल्या, त्यांचा थरच निघून आला. वरच्या कप्प्यातल्या बहुतेक वाचल्या.

आणि सापशिडी वाचली. डिस्कची यादी उघडली तर त्यात इंग्रजी अक्षरांत 'सापसिडी' असं नाव. बीबीसीवर फाइलच्या नावाला सातच अक्षरं मिळतात, ते बरोब्बर सातात बसवलेलं. जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामला एम्युलेटर म्हणतात. जेएसबीब हा एम्युलेटर ब्राउझरमध्येच चालतो, बीबएम संगणकावर बसवता येतो. डिस्कची इमेज म्हणजे अख्ख्या डिस्कची फाइल त्यात घालायची आणि खेळायचं. मैत्रिणीच्या आठवीच्या वर्गानं तो त्याच खोलीत खेळला, फासा पडला की होणाऱ्या टूं आवाजासकट. पाढ्यांची शर्यतही चालली, मराठी आकडे नीट उमटले. मला त्या दिवशी फार अभिमान वाटला, आणि तो मी लपवणार नाही.

विसरण्याआधी अजून दोन गोष्टी. डिस्कवरच्या कागदी लेबलांचे फोटो काढा. आमच्या काही लेबलांवर वर्ग आणि तुकडी लिहिली होती, ती डिस्कच्या आत कुठंच नाही. आणि बेसिकमधल्या गेमचा प्रोग्राम साध्या मजकुरातही उतरवून ठेवा. स्टार-स्पूल आज्ञा देऊन लिस्ट केलं की सगळ्या ओळी फाइलमध्ये जातात. उद्या एम्युलेटर राहिला नाही तरी त्या ओळी वाचून कुणीही गेम पुन्हा लिहू शकेल.

मुलांनी लिहिलेल्या गेमचा हक्क त्या मुलांचा आहे, म्हणून प्रती शाळेबाहेर देण्याआधी त्यांना शोधायला हवं. प्रोग्रामच्या पहिल्या रेम म्हणजे नुसत्या टिपेच्या ओळीत बहुतेकांनी नाव आणि तुकडी घातली आहे. मराठी आकडे काढणाऱ्याचा पत्ता दहावीच्या बॅचच्या ग्रुपवरून लागला. तो आता कुपवाडला वर्कशॉप चालवतो, त्यानं फोनवरच परवानगी दिली आणि मी ती लेखी मागून घेतली. होडीच्या गेमवर नाव नाही, नुसतं 'नववी ब' आहे. शाळेची जुनी हजेरीपत्रकं बघायची परवानगी मागणारा अर्ज मी कालच दिला. पोच घेतली आहे.