चेरीच्या चित्रातली चूक

न्यूयॉर्कच्या 'मोमा' या आधुनिक कलेच्या संग्रहालयात सगळी गर्दी व्हॅन गॉगच्या चांदण्या रात्रीपुढे. फोन वर धरलेल्या हातांमधून मला चित्राचा एक कोपरा तेवढा दिसला. पाय बोलायला लागले होते. भाचीला म्हटलं, जिथे कुणी नाही तिथे चल. तशा आम्ही कुर्ट श्वित्तर्सच्या 'चेरीच्या चित्रा'पुढे आलो.

1921चं कोलाज. उंची साधारण 92 सेंटिमीटर, रुंदी 70. पुठ्ठ्यावर छापील कागद, कापड, लाकूड, धातू, बूच, शिवाय तैलरंग. आधी वाटलं, दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून निघालेलं बोचकं कुणी भिंतीला ठोकलंय. मग त्या काळपट पसाऱ्यात एक पांढरं कार्ड दिसतं, मुलांना शब्द शिकवायचं असतं तसं. चेरीचा घोस आणि फळाचं नाव जर्मन-फ्रेंचमध्ये. नजर तिथेच अडकते, कारण तेवढंच ओळखीचं.

श्वित्तर्स जर्मनीतल्या हानोफरचा. पहिल्या महायुद्धानंतर सगळंच मोडलेलं, तेव्हा तुकड्यांतूनच नवं करायचं, हा त्याचा हिशोब. ट्रामची तिकिटं, वेष्टनं, काहीही चालायचं. या उद्योगाचं नाव 'मेर्त्स' हाही तुकडाच: एका बँकेच्या नावातल्या 'कोमेर्त्स'चं शेपूट. (आपण 'व्यापार'मधला 'पार' घ्यावा तसं.) नाझींनी पुढे त्याची कला 'अधःपतित' ठरवली, 1937मध्ये तो नॉर्वेला निघून गेला.

पण मी त्या कार्डापाशीच होते. त्यावर पेन्सिलीने काहीतरी खरडलंय. भाची शाळेत जर्मन शिकते, तिने वाचलं, "इश लीबे दिर. अगं मावशी, चूक आहे ही! 'दिश' पाहिजे." म्हणजे 'मी तुझ्यावर प्रेम करतो' ऐवजी 'मी तुझ्याला प्रेम करतो' असं काहीतरी.

हात घसरून झालेली चूक नव्हे. आना ब्लूमे नावाच्या बाईवरच्या त्याच्या 1919च्या कवितेतही हेच वाक्य आहे. भाचीच्या मते तो टिंगल करतोय. मला तसं वाटेना. शब्द नीट शिकवायच्या कार्डावरच हे लिहावं, यात मला हट्ट दिसला. मी नागपूरची. पुण्याच्या शाळेत पहिल्याच दिवशी "बाई, मी येऊन राहिली" म्हटलं होतं. वर्ग किती वेळ हसला होता!

गाडीत हेच बोलत न्यू जर्सीतल्या एडिसनला, घरी परतलो. भाचीने तिच्या जर्मनच्या शिक्षिकेला मेसेज टाकला होता. रात्री मी भांडी घासत असताना ती फोन घेऊन स्वयंपाकघरात आली. बाईंचं उत्तर होतं: पेपरात लिहिलंस तर मार्क कापीन, पण बर्लिनच्या गल्लीत लोक सर्रास असंच बोलतात.