फिनिश शिकताना मराठी कामाला आली

फिनलंडमधल्या एस्पोला आल्यावर पहिलं वर्षभर मी फिनिश इंग्रजीतून शिकत होते. १५ विभक्त्यांचा तक्ता भिंतीवर लावला होता. पाठ करायचे आणि दुकानात तोंड उघडलं की सगळं गायब. समोरची व्यक्ती लगेच इंग्रजीवर यायची, तेही मदत म्हणूनच.

एका रविवारी वहीत सहज मराठी अर्थ लिहिले. तालो म्हणजे घर, तालोस्सा घरात, तालोस्ता घरातून. मग आला कातू, म्हणजे रस्ता. 'रस्त्यावर' म्हणायचं तर कादुल्ला. या 'त'चा 'द' का होतो, म्हणून मी आठवडाभर वैतागले होते. पण आपण तरी 'रस्तावर' कुठे म्हणतो? प्रत्यय लागण्याआधी नामाचं सामान्यरूप होतं, हे शाळेतच शिकले होते की!

त्या रात्री झोप लागेना. सगळी वही मराठीतून पुन्हा लिहिली. 'मिनुल्ला ओन औतो', माझ्याकडे गाडी आहे. इंग्रजी 'हॅव'सारखं क्रियापद दोन्हीकडे नाही. नकारात तर फारच जवळीक. आपण जात नाही, जात नाहीस, जात नाहीत म्हणतो. ते एन मेने, एत मेने, एइवॅत मेने म्हणतात. नकाराचा शब्दच माणसाप्रमाणे बदलतो. आणि ज्या 'ॲ'साठी वर्गातले कित्येक जण झगडत होते, तो आपल्या 'बॅट'मधला.

सगळं असं जुळत नाही. 'युओन काह्विआ' म्हणजे कॉफी पितेय, पण 'योइन काह्विन' म्हटलं की अख्खी पिऊन संपवली. अर्धवट आणि पूर्ण यांतला हा फरक नामाच्या शेवटावर दाखवायचा, ही सवय मला अजून पुरती लागलेली नाही. ऱ्हस्व-दीर्घाचंही तसंच. आपण ते कागदावर पाळतो, बोलताना सैल सोडतो. इथे तुलि म्हणजे विस्तव, तूलि म्हणजे वारा आणि तुल्लि म्हणजे जकात. शिवाय पुस्तकातलं 'मिनॅ ओलेन' रस्त्यावर 'मॅ ओन' होतं. त्यासाठी हेलसिंकीच्या ओदी वाचनालयात भाषा-कट्ट्यावर जाऊन बसायचे आणि रोज सोप्या फिनिशमधल्या बातम्या ऐकायचे.

चौथ्या वर्षी 'युकी' या सरकारी भाषा-परीक्षेची मधली श्रेणी दिली. नागरिकत्वासाठी तिची तिसरी पातळी लागते. वाचन, लेखन, श्रवण ठीक गेलं. बोलण्याच्या भागात कानाला हेडफोन, समोर माणूस नाही, आजूबाजूला सगळे एकदम बोलताहेत. माझा आवाज थरथरत होता, पण मी थांबले नाही. तिसरी पातळी मिळाली.

निकालानंतर जिन्यात शेजारच्या आजी भेटल्या. आमच्या इमारतीतली सौनाची, म्हणजे वाफेच्या स्नानाची, वेळ बदलली का, असं मी त्यांना फिनिशमध्ये विचारलं. त्या तिसऱ्या मजल्यापर्यंत बोलत आल्या. एकदाही इंग्रजीवर आल्या नाहीत.