७५ वा दिवस

त्या बॅचचा ७५ वा दिवस होता. ओ-फोरची, म्हणजे आम्हाला हव्या असलेल्या पेशींची खूण दाखवणारी, अँटिबॉडी घालून प्लेट इनक्युबेटरमध्ये ठेवली, आणि मग हात रिकामे झाल्यावर भीती वाटायला लागली.

मानवी स्टेम सेलपासून आम्हाला ऑलिगोडेंड्रोसाइट बनवायचे होते. मेंदूत आणि मज्जारज्जूत चेतातंतूंभोवती मायलिनचं आवरण गुंडाळणाऱ्या या पेशी. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये हेच आवरण नष्ट होतं.

आधीची बॅच वाया गेली होती. अडीच महिने! पेशींना चेतासंस्थेच्या वाटेला लावणं त्या मानाने सोपं असतं, दोन रेणूंनी स्मॅड या प्रथिनांचे संकेत अडवले की त्या तिकडे वळतात. खरी गोम पुढे आहे. रेटिनोइक अ‍ॅसिडमुळे त्या मज्जारज्जूच्या बाजूला झुकतात. आठव्या दिवसापासून दिलेलं सॅग हे रसायन सॉनिक हेजहॉग या प्रथिनाचा संकेत जागा करून त्यांना 'पोटाकडच्या' भागाची ओळख देतं, आणि ऑलिगोडेंड्रोसाइट आधी तिथेच जन्मतात. मागच्या वेळी मी पुन्हापुन्हा वितळवून गोठवलेलं सॅग वापरलं होतं, माझा सगळा संशय त्याच्यावर आहे. पण मोठी चूक पुढची. १२व्या दिवशी पेशी छान दिसल्या म्हणून ऑलिग-टूचं (पेशी योग्य वाटेवर असल्याची खूण असलेल्या प्रथिनाचं) स्टेनिंग न करताच पुढे गेले. शेवटी प्लेटभर न्यूरॉन आणि अ‍ॅस्ट्रोसाइट.

या वेळी सॅगचे छोटे भाग आधीच करून ठेवले, प्लेटमधला एक खळगा (वेल) खास स्टेनिंगसाठी राखला. ऑलिग-टू दिसल्यावरच पेशींचे गोळे तरंगत वाढवायला घेतले. ३०व्या दिवशी ते एकेक करून पिपेटने उचलले: सोनेरी, मध्यभागी गडद असलेले तेवढे घेतले, पारदर्शक सोडले. मान आखडून गेली. त्यानंतर दिवसाआड मीडिया, म्हणजे पेशींचं पोषक द्रव, बदलणं, सुट्टीच्या दिवशीसुद्धा.

ओ-फोर पेशीच्या बाहेरच्या पृष्ठभागावर असतं, त्यामुळे पेशी जिवंत ठेवूनच पाहता येतं. अंधाऱ्या खोलीत मायक्रोस्कोपखाली पहिली दोन दृश्यं नुसती काळी. तिसऱ्यात गोळ्याची कड आली, जिथून पेशी बाहेर पसरतात. तिथे हिरवं. एक पेशी, तिला फाटे, फाट्यांना आणखी फाटे. शेजारी दुसरी. मग मोजणं सोडून दिलं.

"मॅडम, जरा येता का?" माझा आवाज कापत होता.

त्या आल्या, वाकून बराच वेळ बघत राहिल्या. मग डोळा न काढता म्हणाल्या, "फोटो काढ आणि शटर बंद कर. प्रकाशाने रंग उडेल."