जांबोटीच्या रानाकडेला ट्रेल कॅमेरा: सांबर-भेकराची वाट शोधताना

फेब्रुवारीच्या अखेरीस चार दिवसांची सवड काढून मी बेळगावहून जांबोटीला मामांकडे गेलो. त्यांची काजूची बाग रानाला लागून आहे आणि रात्री तिथे सांबर व भेकर येतात असे ते नेहमी सांगतात. ती नेमकी कोणत्या वाटेने येतात, हे मला ट्रेल कॅमेऱ्याने, म्हणजे समोरून जनावर गेले की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याने, पाहायचे होते. खानापूर तालुक्याच्या याच पट्ट्यात २०११ साली घोषित झालेले भीमगड अभयारण्य आहे. अभयारण्यात किंवा राखीव जंगलात वनखात्याच्या लेखी परवानगीवाचून कॅमेरा लावू नये. मी तो मामांच्या मालकीच्या जमिनीतच लावला.

पहिली जागा चुकली. बागेखाली नाल्याचा मोठा डोह आहे. उन्हाळ्याच्या तोंडावर जनावरे पाण्यावर येणारच, या हिशेबाने मी तिथल्या जांभळीला पूर्वेकडे तोंड करून कॅमेरा बांधला. दोन दिवसांत हाती आले ते सकाळच्या उन्हाने पांढरे पडलेले फोटो आणि असंख्य वेळा टिपलेले गवत. सेन्सर उष्णतेतील फरकाची हालचाल ओळखतो, त्यामुळे उन्हात तापलेले गवत वाऱ्याने हलले तरी फोटो निघतो. शिवाय डोह तिन्ही बाजूंनी मोकळा असल्याने जनावर कुठूनही उतरू शकत होते.

मामा म्हणाले, "पाणी बघू नकोस रे, पाण्याकडं उतरायची वाट बघ."

नाल्याने थोडे वर गेल्यावर दोन्ही काठ उभे होतात आणि उतरायला एकच घसरण उरते. तिथल्या ओल्या चिखलात दोन आकारांचे जोडखूर स्पष्ट उमटले होते, मोठे सांबराचे आणि जेमतेम दोन बोटांएवढे भेकराचे. काठावरच्या आवळ्याखाली रवंथ करताना टाकलेल्या बियांचा लहानसा ढीग होता, आणि शेजारच्या खोडाची साल कमरेच्या वर शिंगांनी खरवडलेली होती. खोडावर गुडघ्याच्या उंचीला वाळलेला चिखल दिसला, तर तो बहुधा रानडुकराचा असतो. त्यावरून सांबराचा अंदाज बांधू नये. चिखलातले खूर, बिया आणि साल अशा तीन खुणा एका ठिकाणी मिळाल्या, तर ती जागा सोडू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

वाटेपासून सुमारे बारा फुटांवर, जमिनीपासून अडीच फूट उंचीवर, उत्तरेकडे तोंड करून मी कॅमेरा बांधला. वाटेला तो तिरपा ठेवावा, कारण अगदी आडवा ठेवल्यास शटर पडेपर्यंत जनावर पुढे निघून जाते. पिसोरीसाठी, म्हणजे सशाएवढ्या हरणासारख्या प्राण्यासाठी, मात्र एक फूट उंचीही पुरते. समोरचे गवत तेवढेच कोयत्याने कापावे, पट्टा आवळल्यावर स्वतः वाटेवरून चालून चाचणी घ्यावी, आणि मीठ किंवा खाद्य टाकून जनावरांना कधीही बोलावू नये.

तिसऱ्या रात्री पावणेतीनच्या सुमारास सांबराची मादी उतरली. तिच्या मागे आलेले पाडस घसरणीच्या तोंडाशी थांबले, एक कान कॅमेऱ्याकडे वळवून उभे राहिले आणि पुढच्या फोटोत आईच्या पोटाला लागून पाण्याकडे गेलेले दिसले. पहाटे त्याच चिखलातून एकटे भेकर गेले. हे फोटो मामांनी मोबाईलवर तीन-चार वेळा पाहिले.

असे फोटो इतरांना पाठवताना जागेचे नाव व खूण देऊ नये, कारण शिकारी तीच माहिती शोधत असतात. जूनच्या आधी कॅमेरा उतरवून आणावा. इथल्या पावसात नाला एका रात्रीत काठापर्यंत चढतो.