टिपिंग बकेट, नोंद ७: धो-धो पावसात हरवणारे मिलिमीटर

आपलं टिपिंग बकेट यंत्र म्हणजे दोन कप्प्यांचं पर्जन्यमापक: एक कप्पा भरला की तो कलून रिकामा होतो आणि एक टिप मोजली जाते. जोरदार पावसात ते पाऊस कमी दाखवतं. तीन आठवडे डोकं खाणाऱ्या या तुटीचं निम्मं कोडं काल रात्री सुटलं. उरलेलं निम्मं कुठे असावं, तेही हे लिहिता लिहिता सुचतंय.

जूनच्या भुरभुर पावसात आपलं यंत्र आणि अंगणातला सायमन्स (पाणी साठवून हातानं मोजायचा साधा पर्जन्यमापक) अगदी जोडीनं चालत होते, हे मागच्या नोंदीत आलंच आहे. मग ती रात्र आली. चिपळुणात दीड तास नुसता कोसळला. सकाळी साडेआठला सायमन्समधलं पाणी मोजलं तर ११२ मिमी, आणि यंत्राच्या टिपा ५२१, दर टिपेला ०.२ मिमी, म्हणजे १०४.२ मिमी. जवळजवळ ८ मिमी गायब!

पहिला संशय रीड स्विचवर, म्हणजे चुंबकाच्या साह्यानं टिपा मोजणाऱ्या स्विचवर. डिबाउन्स (एका टिपेनंतर स्विचकडे दुर्लक्ष करायचा क्षणभराचा वेळ) कमी करून पाहिला, मग शेजारी फोन ठेवून टकटक रेकॉर्ड केली. शंभर टक, नोंदीही शंभर. स्विच निर्दोष.

शेवटी फोनच्या स्लो मोशननं चोर दाखवला. भरलेला कप्पा कलायला लागतो, पण वरची धार थांबत नाही. मधली पट्टी धारेखालून सरकेपर्यंत सुमारे ०.३ सेकंद पाणी त्याच भरल्या कप्प्यात पडत राहतं आणि मोजणीत येतच नाही. आपलं नरसाळं १६ सेंमी व्यासाचं, म्हणून ०.२ मिमीची एक टिप म्हणजे ४ मिली. ताशी २० मिमीच्या पावसात टिपा ३६ सेकंदांनी पडतात, तिथे ०.३ सेकंद कुणाच्या खिजगणतीत नाहीत. ताशी १०० मिमीला हेच अंतर ७.२ सेकंदांवर येतं आणि ४ टक्के पाणी निसटतं.

हे सिद्ध करायला एकसारखी धार हवी होती, आणि सगळा वेळ तिनंच खाल्ला. सलाईनचा सेट लावला की बाटलीतली पातळी उतरते तसा वेगही उतरतो. दर पाच मिनिटांनी चाकी फिरवत बसलो, दोन रविवार त्यात गेले. उपाय निघाला मॅरिऑटच्या बाटलीत: तोंडाला घट्ट रबरी बूच, त्यातून तळाजवळ पोचणारी काचेची नळी. हवा फक्त त्या नळीतून आत येते, त्यामुळे पातळी नळीच्या टोकाखाली जाईपर्यंत धार हलत नाही. नळीच्या टोकाशी बुडबुडे एका लयीत सुटायला लागले, तेव्हा मी मुलीला झोपेतून उठवून दाखवले.

एक लिटर पाणी, प्रत्येक वेगाला तीन फेऱ्या. ताशी २० मिमीला २४८ टिपा, १०० ला २४०, २०० ला २३१. तिन्ही फेऱ्यांत फरक फार तर एका टिपेचा! कप्पे आधी ओले करून घ्या मात्र. कोरड्या कप्प्यांवरची पहिली फेरी मी सरळ टाकून देतो. आणि पाणी तोलून घ्या. ऑनलाइन मागवलेल्या प्लास्टिकच्या मोजपात्रात १००० च्या रेघेपर्यंत भरलेलं पाणी काट्यावर ९७८ ग्रॅम भरलं. एवढी चूक असलेल्या पात्रावर कॅलिब्रेशन कसं करायचं?

दुरुस्ती आता सोपी आहे. प्रत्येक टिपेची वेळ ईएसपी३२ (यंत्रातली छोटी संगणक-चिप) नोंदवतोच. दोन टिपांतलं अंतर घ्यायचं, त्याला ०.३ नं कमी केलेल्या त्याच अंतरानं भागायचं, आणि आलेल्या आकड्यानं ०.२ ला गुणायचं. त्या रात्रीच्या नोंदींना हे लावलं तर १०४.२ चे १०७.९ झाले.

तरी ४ मिमी बाकी. लोड सेल मागवून वजनावर चालणारा मापक करायचं ठरवत होतो, पण वरचं लिहिताना लक्षात आलं: सायमन्स अंगणात, काठ जमिनीपासून ३० सेंमीवर, यंत्र मात्र गच्चीच्या कठड्यावर. त्या रात्री वारा होता. कठड्यावरून उसळणारा वारा थेंबांना नरसाळ्यावरून पुढे उडवून नेत असणार. एकमेकांशी ताडून बघायची दोन यंत्रं मी वेगवेगळ्या वाऱ्यात ठेवली होती!

लोड सेल लांबणीवर. यंत्र उद्याच अंगणात, सायमन्सपासून दीड मीटरवर. आणि गच्चीवर त्याच १६ सेंमी व्यासाचं साधं नरसाळं, खाली कॅन. बुधवारनंतर जोर वाढणार म्हणतात, त्याआधी खड्डा खणून खांब रोवायचाय.